माळशेज चढा, कसारा उतरा: ठाण्याहून कुटुंबासह तीन दिवसांची घाटसहल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कासारवडवलीहून सात आसनी, ऑटोमॅटिक गिअरच्या नव्या गाडीने सप्टेंबरच्या अखेरीस तीन दिवसांची सहल करायची आहे. सोबत सासू-सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना मधुमेह आहे आणि मुलीला गाडी लागते. गाडी तुम्ही दोघे आलटून-पालटून चालवणार आहात, पण घाटाचा सराव दोघांनाही फारसा नाही. शुक्रवारी कसारा घाट चढून भंडारदऱ्याला जायचे, शनिवारी तिथून जुन्नरला यायचे आणि रविवारी संध्याकाळी माळशेज उतरून घरी परतायचे, असा बेत ठरला आहे. ठाण्यातून प्रवाशांना सह्याद्रीत नेण्याचे आणि नव्या चालकांना घाट शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की तुम्ही निवडलेली ठिकाणे उत्तम आहेत, फक्त फेरीची दिशा उलटी करा. शुक्रवारी सकाळी माळशेज चढा आणि रविवारी कसाऱ्याने खाली या.

यामागचे कारण नीट समजून घ्या, कारण बाकीचे सगळे नियोजन त्यावरच उभे आहे. माळशेज घाट कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आहे आणि तिथे चढणारी व उतरणारी वाहतूक एकाच रस्त्यावरून, समोरासमोर चालते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये मालाने भरलेले ट्रक, एसटी आणि भाजीचे टेम्पो अशा रस्त्यावर नवशिक्या चालकाला चढ सोपा जातो आणि उतार अवघड जातो, हे वरवर पाहता उलट वाटले तरी खरे आहे. चढताना गाडीचा वेग आपोआप आटोक्यात राहतो, ब्रेक थंड राहतात, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी गाडी मंदावते. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमही आहे. उतरताना मात्र गाडीचे स्वतःचे वजनच तिला पुढे ढकलत असते, आणि पाच-सहा माणसे व सामानाने भरलेल्या सात आसनी गाडीत ते वजन शहरात एकट्याने चालवताना जाणवते त्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यातच रविवार संध्याकाळ, परतणाऱ्यांची गर्दी, दोन दिवसांचा थकवा आणि अंधार या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या, तर पहिला मोठा उतार शिकण्याची ती वेळ नव्हे.

कसाऱ्याला चढणारा आणि उतरणारा रस्ता वेगवेगळा आहे, त्यामुळे समोरून वाहन येण्याची धास्ती नाही. शिवाय आता तिथे दुसरा पर्यायही आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे घाट पूर्णपणे टाळून खाली उतरता येऊ लागले. रविवारी उशीर झाला, पाऊस आला किंवा चालवणारा दमला, तर तुमच्या हातात हा पर्याय राहतो. माळशेजच्या बाजूने परतताना असा दुसरा मार्ग जवळपास नाही.

आता हंगामाविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला जाण्याचा हट्ट मी ज्येष्ठांसोबत निघालेल्या कोणत्याही कुटुंबाला धरू देत नाही. सह्याद्रीचा कडा बेसाल्टच्या थरांचा आहे. त्या थरांमधल्या भेगांत पावसाचे पाणी झिरपते, मुरूम आणि माती भिजून सैल होते, आणि मग एखादा दगड कोणतीही सूचना न देता सुटतो. पाऊस थांबल्यावर हे लगेच थांबत नाही, म्हणून सप्टेंबरअखेरीसही कड्याला लागून गाडी उभी करू नका. धबधबा रस्त्यावरच कोसळतो आहे, चार गाड्या आधीच थांबल्या आहेत, मुलगी हट्ट करते आहे, तरीही पुढे जा. संरक्षक जाळ्या लावलेल्या असल्या तरी जाळी म्हणजे छप्पर नव्हे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांच्या परिसरात थांबण्यावर मनाई आदेश काढते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी ताज्या बातम्या पाहणे चांगले. सप्टेंबरच्या शेवटी परतीच्या पावसाचाही विचार करावा लागतो. सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर ढग भरून विजांसह सर कोसळते. म्हणून तिन्ही दिवस मुख्य प्रवास सकाळी आणि पहिले दोन दिवस संध्याकाळी चारनंतर गाडी मुक्कामी उभी, एवढे वेळापत्रक पक्के धरा. त्या बदल्यात या दिवसांत मिळणारा निसर्ग वर्षात पुन्हा मिळत नाही. सोनकीने पिवळे झालेले उतार, पोटरीला आलेली भातखाचरे आणि धुऊन स्वच्छ झालेली हवा हे तिन्ही एकाच वेळी दिसण्याचे दिवस फार थोडे असतात.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला घर सोडा. माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजनोली नाका आणि कोनमार्गे दुर्गाडी पुलावरून कल्याणात शिरले, की शहाडचा उड्डाणपूल गर्दीच्या आधी ओलांडणे महत्त्वाचे आहे, कारण तिथे उशीर झाला तर पुढचा सगळा दिवस मागे पडतो. पुढे रायत्याजवळ उल्हास नदीवरचा पूल लागतो. अतिवृष्टीत तो पाण्याखाली जाऊन रस्ता बंद होतो, म्हणून आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला असेल तर निघण्यापूर्वी त्याची चौकशी करा. मुरबाडला नाश्ता उरकून घ्या. सासऱ्यांच्या औषधाची आणि खाण्याची वेळ तिथे नीट जुळते, आणि पुढे घाट संपेपर्यंत बसून खाण्यासारखी जागा असेलच या भरवशावर राहू नये. टाकीही इथेच भरा. गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर पेट्रोलही पूर्ण भरा, कारण पुढच्या भागात गॅसवर विसंबून राहता येत नाही आणि चढावर पेट्रोलवर ताकदही अधिक मिळते.

टोकावडे मागे पडून वैशाखरे गाव आले, की उजव्या हाताला नाणेघाटाची खिंड आणि तिच्या शेजारचा नानाचा अंगठा हा सुळका दिसू लागतो. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकाळातला व्यापारी मार्ग तो हाच. वरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे आणि खिंडीच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकत असत असे परंपरेने सांगतात. खालून चढून जाणे तुमच्यासोबतच्या ज्येष्ठांना शक्य नाही, पण जुन्नरहून घाटघरमार्गे थेट माथ्यापर्यंत गाडी जाते. शुक्रवारची दुपार मी त्यासाठीच राखून ठेवली असती. मुलीला सकाळी खालून खिंड दाखवा आणि दुपारी त्याच खिंडीच्या माथ्यावर उभे राहून सकाळचा रस्ता शोधायला सांगा. डोंगराची उंची म्हणजे काय हे तिला पुस्तकाविना समजेल.

माळशेज चढताना गाडी ऑटोमॅटिक असली तरी सगळे तिच्यावर सोपवू नका. चढावर गाडी वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये सारखी चाळवाचाळव करू लागली, की मॅन्युअल मोड घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवा. त्याने इंजिनही कमी तापते आणि मागे बसलेल्यांना हिसके बसत नाहीत. पुढे ट्रक असेल तर दोन गाड्यांचे अंतर ठेवून शांतपणे मागे राहा. वळणावर ट्रकचा मागचा भाग आत सरकतो आणि त्याला पूर्ण रस्ता लागतो, म्हणून त्याच्या बगलेत घुसणे सर्वांत घातक. आंधळ्या वळणापूर्वी एकदा हॉर्न वाजवा आणि काच चार बोटे खाली ठेवून उत्तर ऐका. धुके उतरले तर दिवे लो बीमवर ठेवा, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. ते लावले की तुम्ही थांबला आहात की वळणार आहात, हे मागच्याला कळत नाही.

मुलीच्या त्रासाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक कौटुंबिक सहली त्यावरच सावरतात किंवा बिघडतात. आतल्या कानाला वळण जाणवते, पण डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर खिळलेले असतील तर त्यांना सगळे स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून तिला तिसऱ्या रांगेत कधीही बसवू नका, कारण मागच्या चाकांच्या वर हेलकावा सर्वांत जास्त असतो. मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल अशा जागी, पट्टा लावून बसवा. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन कायद्यानेच बंधनकारक आहे. ती जागा खिडकीशेजारी मिळाली तर उत्तम. पुढचे आसन सासूबाईंना द्या, म्हणजे त्यांना पाय पसरता येतील, आणि तासा-सव्वातासाने गाडी थांबवून त्यांना थोडे चालायला लावा. मुलीला पोट रिकामे ठेवूनही नेऊ नका आणि तेलकट वडापाव खाऊ घालूनही नेऊ नका. पोळी, केळे, मुरमुरे असे कोरडे, हलके खाणे बरे. आलेपाकाची वडी चघळायला द्या. गोळी द्यायचीच असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून वयानुसार मात्रा विचारून घ्या, आणि ती घाट सुरू झाल्यावर नव्हे तर प्रवासाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. पण या सगळ्यापेक्षा मोठा उपाय चालकाच्या पायात असतो. वळणाच्या आधी वेग कमी करून वळणात एकसारख्या वेगाने जाणाऱ्या चालकाच्या गाडीत फार कमी मुलांना त्रास होतो. वळणात शिरल्यावर ब्रेक आणि बाहेर पडताच जोरात ॲक्सिलरेटर असे चालवणाऱ्याच्या गाडीत मोठ्यांनाही होतो.

पहिला मुक्काम जुन्नर किंवा ओतूर परिसरात करा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे सासूबाईंसाठी ओझरचा विघ्नहर योग्य. मंदिर कुकडीच्या काठी सपाटीवर आहे. शिवनेरी मुलीला दाखवायचा असेल तर शनिवारी सकाळी तुमच्यापैकी एकाने तिला घेऊन जावे आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी ओझर उरकावे. तसे केलेत तर निघायला दहा वाजतील आणि तेवढा उशीर परवडतो.

शनिवारचा रस्ता ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर आणि तिथून शेंडी, म्हणजेच भंडारदरा. अंतर फार नाही, पण नकाशा दाखवतो त्यापेक्षा तासभर जास्त धरा. हा टप्पा प्रसिद्ध नाही आणि मला तो या फेरीतला सर्वांत आवडता वाटतो. कुकडीचे खोरे मागे टाकून एक छोटा घाट ओलांडला की कोतूळजवळ मुळा नदी भेटते आणि राजूरच्या पुढे प्रवरेचे खोरे सुरू होते. तीन नद्यांची खोरी आणि त्यांना विभागणाऱ्या डोंगररांगा एकाच सकाळी ओलांडायला मिळतात, आणि पश्चिमेला हरिश्चंद्रगडाचा डोंगर बराच वेळ साथ देतो. रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या डांगी जनावरांचे कळप येतील. या अतिपावसाच्या प्रदेशात टिकणारी ही इथली मूळ जात आहे. कळप दिसला की थांबा, हॉर्न वाजवू नका, गुराख्याला जनावरे कडेला घेऊ द्या. बिथरलेले वासरू कोणत्या बाजूला उडी घेईल ते सांगता येत नाही. राजूरला पेढे घ्या आणि इंधनाची पातळी पाहून घ्या, कारण शेंडीपलीकडे जलाशयाला फेरी मारताना पंपाची शाश्वती नाही.

भंडारदऱ्याचे विल्सन धरण प्रवरेवर बांधले असून ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाभोवतीचा रस्ता शेंडी, मुरशेत, घाटघर (हे जुन्नरजवळचे नव्हे, वेगळे घाटघर), साम्रद, रतनवाडी असा फिरतो; तो अरुंद आहे, कडा खचलेल्या आहेत आणि बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. शनिवारी दुपारी आभाळ स्वच्छ असेल तरच, फक्त रतनवाडीपर्यंत जाऊन अमृतेश्वराचे दर्शन घ्या. शिलाहारकालीन मानल्या जाणाऱ्या या मंदिराजवळ गाडी जाते, मागे रतनगड उभा असतो आणि ज्येष्ठांना निवांत बसता येते. घाटघरच्या कोकणकड्यावर वारा आणि धुके यांचा भरवसा नसतो. तिथे जायचेच तर रविवारी सकाळी लवकर जा आणि कड्याच्या काठापासून मुलीला हाताला धरून दूर ठेवा. सांधण दरीचा विचार यावेळी करू नका. ती ओली असताना ज्येष्ठांची आणि मुलांची जागा नव्हे.

रविवारी साडेदहा-अकराच्या आत भंडारदरा सोडा. बारी गावाजवळून ५,४०० फूट उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई उजव्या अंगाला अगदी जवळून दिसते. तिथे दहा मिनिटे थांबा, दुर्बीण असेल तर माथ्यावरचे देऊळही शोधता येते. घोटीला जेवण करा आणि तिथे घड्याळ पाहून निर्णय घ्या. दुपारी दोनच्या आत निघालात, आभाळ मोकळे असेल आणि चालवणारा ताजातवाना असेल, तर कसारा घाट उतरा. नाहीतर इगतपुरीजवळ पिंप्री सदो इथे समृद्धीवर चढा. बोगद्यात गॉगल काढायचा, हेडलाइट लावायचे, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचे आणि फोटोसाठी काही झाले तरी थांबायचे नाही.

घाट उतरणार असाल तर उतार सुरू होण्याच्या आधीच, सपाटीवर असतानाच, मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर घ्या. इंजिनचा आवाज वाढेल. घाबरू नका, ते इंजिन गाडीला रोखून धरत आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा हिशेब अजूनही चुकलेला नाही. वेग हवा त्याच्या वर गेला की ब्रेक ठाम दाबून वेग खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. पेडलवर पाय हलकेच ठेवून संपूर्ण घाट उतरणे ही सर्वांत वाईट सवय. सतत घासल्याने पॅड तापतात, त्यांची पकड जाते, आणि उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. जुन्या ऑइलमधले ते पाणी उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे दबत खाली जाते. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, तर पहिल्या सपाट, रुंद जागी थांबा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास वाट पाहा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मनावर घेऊ नका. कसाऱ्यात मागून भरलेले ट्रक येतात आणि त्यांना तुमच्यासारखे पटकन थांबता येत नाही. डावी बाजू धरा, अचानक ब्रेक मारू नका, आणि आरशात ट्रक जवळ दिसला तर त्याला पुढे जाऊ द्या.

गाडी नवी असल्याने ब्रेक ऑइलची चिंता नाही, पण निघण्यापूर्वी पाचही चाकांची हवा कंपनीने भरलेल्या भारासाठी सांगितलेल्या आकड्यानुसार भरा. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो आणि रिकाम्या गाडीपेक्षा वेगळा असतो. स्टेपनी आणि जॅक कुठे आहे, हे घराखालच्या पार्किंगमध्ये एकदा काढून पाहा. वायपरची रबरे तपासा. जड सामान तिसऱ्या रांगेच्या मागे उंच रचू नका, ते आसनांच्या पायाशी खाली ठेवा. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हे क्रमांक फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवा, म्हणजे बॅटरी संपली तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावता येतील.

दोघांनी गाडी वाटून घेताना घाटाच्या मध्यावर अदलाबदल करू नका. तुमच्यापैकी ज्याला ऑटोमॅटिकचा मॅन्युअल मोड अधिक सरावाचा असेल त्याच्याकडे दोन्ही घाट द्या आणि जुन्नर ते भंडारदरा हा टप्पा दुसऱ्याकडे. निघण्याआधीच्या रविवारी सकाळी येऊरच्या चढावर दोघांनीही तो मोड वापरून दोन-तीन फेऱ्या मारून पाहा. रस्ता छोटा आहे, पण गिअर धरून उतरण्याची सवय तिथे नीट होते. परतताना समृद्धीने आलात तर आमणेला बाहेर पडून नाशिक महामार्गाला लागाल, आणि कोणत्याही रस्त्याने आलात तरी वडपे ते खारेगाव या पट्ट्यातली रविवार संध्याकाळची कोंडी चुकणार नाही, म्हणून पाणी, मुलीचा खाऊ आणि सासऱ्यांची संध्याकाळची गोळी डिकीत नव्हे, हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा.